टॅबलेट आत्ता घ्यायचा, की थांबायचं?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना दोनदा आलेलं काढलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा प्रश्न आंबेगाव तालुक्यातून आलाय, मंचरजवळच्या एका वाडीतून. एक मैत्रीण लिहिते: "ताई, धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. जूनमध्ये अकरावी सायन्सला जाईल. मी पुण्याला नोकरीला, त्यामुळे घरी स्मार्टफोन एकच, तो पप्पांचा. भावाला टॅबलेट हवाय. पप्पा म्हणतात, कांदा बराखीत टाकू, दिवाळीला भाव मिळाला की घेऊ, तोवर टॅबलेटही स्वस्त होतील. शेजारचे म्हणतात, सरकार फुकट देतंय, विकत घेताच कशाला? मी काय करू?"

असाच प्रश्न जुन्नरकडून, नारायणगाव-ओतूरच्या बाजूने, दोन-तीन जणांनी विचारलाय. फरक एवढाच की तिथे कांद्याच्या जागी टोमॅटो आहे. म्हणून आज नुसतं 'कोणता टॅबलेट चांगला' असं सांगत बसत नाही. तसले व्हिडिओ भरपूर आहेत. आज बोलायचंय ते थांबण्याबद्दल. या एका प्रश्नात तीन वेगवेगळी थांबणी आहेत: किंमत उतरायची वाट, फुकट मिळायची वाट आणि हातात पैसे यायची वाट. तिन्ही एकत्र केली की घोळ होतो.

आधी किंमत. 'इलेक्ट्रॉनिक वस्तू थांबलं की स्वस्त होते' हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, आणि ते खोटं नाही. ॲपलचा दहाव्या पिढीचा आयपॅड ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात ४४,९०० रुपयांना आला. वर्षभराने तो ३९,९०० झाला, मे २०२४ मध्ये ३४,९००. मार्च २०२५ मध्ये नवा आयपॅड आला तोही ३४,९०० लाच, आणि त्यात स्टोरेज ६४ जीबीच्या जागी १२८. म्हणजे थांबणाऱ्याचे दहा हजार वाचले. पण थांबला किती? दीड-दोन वर्षं. अकरावी-बारावी तेवढ्यातच संपते.

आणि आपला प्रश्न आयपॅडचा नाहीच, आपला प्रश्न बारा ते पंधरा हजारांच्या टॅबलेटचा आहे. तिथे गणित वेगळं चालतं. या पट्ट्यात कंपनी किंमत फारशी उतरवत नाही, त्याच पायरीवर नवं मॉडेल आणून ठेवते. रेडमी पॅड एसई एप्रिल २०२४ मध्ये १२,९९९ पासून आला. जून २०२५ मध्ये रेडमी पॅड २ आला तो १३,९९९ पासून. रॅम ४ जीबी, स्टोरेज १२८ जीबी, दोन्हींत सारखंच. स्क्रीन जास्त रेखीव झाली, बॅटरी थोडी मोठी झाली, हे खरं. पण सव्वा वर्ष थांबलेल्याला पैसे कमी नाही, हजार रुपये जास्त मोजावे लागले. म्हणजे स्वस्त पट्ट्यात थांबल्यावर मिळते ती थोडी बरी वस्तू. कमी किंमत मिळेलच असं नाही.

सध्या तर उलटी हवा आहे, आणि हे जरा नीट समजून घ्या, कारण दुकानदार "भाव वाढणारेत" म्हणाला की आपल्याला वाटतं हा आपलं गिऱ्हाईक पक्कं करतोय. टॅबलेटमध्ये मेमरीची चिप असते. जगातली बहुतेक मेमरी तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयची जी मोठमोठी डेटा सेंटर्स उभी राहतायत, त्यांना खास प्रकारची मेमरी लागते आणि तिच्यात नफा जास्त. आता आपल्या भाषेत सांगते. रान तेवढंच आहे. निम्म्या गावाने टोमॅटो सोडून ऊस लावला, तर बाजारात टोमॅटो कमी येणार आणि महाग होणार. तसंच कारखाने तेवढेच, पण त्यातला मोठा हिस्सा एआयच्या मेमरीकडे वळला, आणि फोन-टॅबलेट-लॅपटॉपची साधी मेमरी २०२५ च्या शेवटी शेवटी महाग होत गेली. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने जाहीर केलं की सामान्य गिऱ्हाइकासाठीचा आपला 'क्रूशियल' हा ब्रँड ते बंद करतायत. एवढी मोठी कंपनी किरकोळ गिऱ्हाईक सोडून देते, यावरून काय ते समजा. आणि नवा कारखाना उभारून माल यायला वर्षं लागतात, एका दिवाळीत ते होत नाही.

जीएसटीचंही लोक विचारतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बरेच दर बदलले, मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले. टॅबलेट आधीही १८ टक्क्यांत होता, नंतरही १८ टक्क्यांतच राहिला. त्यामुळे 'जीएसटी कमी झालाय, आता स्वस्त मिळेल' हे टॅबलेटला लागू नाही.

राहिला सेल. सेलमध्ये सूट मिळते, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा ती ठरावीक बँकेच्या कार्डावर असते. घरात ते कार्ड नसेल तर जाहिरातीतला आकडा आपला नाही. समजा, दिवाळीच्या सेलमध्ये दीड हजार वाचले. जून ते ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे पाच महिने थांबलो. महिन्याला ३०० रुपये वाचले. अकरावीच्या पहिल्या दिवसापासून बारावीनंतरच्या सीईटीपर्यंत हातात साधारण २३ महिने असतात, त्यातले पाच गेले. आता हे ३०० रुपये महाग की स्वस्त, ते ज्याच्या-त्याच्या घरावर आहे. पण हिशोब असा मांडा. नुसतं 'दीड हजार वाचतात' असं म्हणू नका.

आता दुसरं थांबणं, फुकट टॅबलेटचं. शेजारी म्हणतात ते हवेतलं नाही. महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे नागपूरची महाज्योती, ही राज्य सरकारची संस्था आहे. ती जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी ऑनलाइन प्रशिक्षण देते. त्यात निवड झालेल्या मुलांना टॅबलेट आणि रोज ६ जीबी इंटरनेट डेटा दिला जातो. दहावी होऊन अकरावी सायन्सला प्रवेश घेतलेल्यांसाठी ही योजना आहे. पण ती सगळ्यांसाठी नाही. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग, आणि त्यातही नॉन-क्रीमीलेअर, असे विद्यार्थी यात बसतात. म्हणजे आपल्याकडचं माळी किंवा धनगर समाजातलं पोरगं अर्ज करू शकतं, कुणबी दाखला असलेलंही. भीमाशंकर-आहुप्याच्या बाजूचं, जुन्नरच्या पश्चिमेचं महादेव कोळी किंवा ठाकर समाजातलं पोरगं यात येत नाही, कारण ते अनुसूचित जमातीत मोडतं. त्यांनी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन त्या वर्षी आपल्यासाठी काय चालू आहे ते विचारायचं. घोडेगाव जवळ आहे, एक चक्कर टाका. फोनवर अर्धवट उत्तर मिळतं.

पात्र असाल तर अर्ज कराच. दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, रहिवासी दाखला, आधार, अकरावीच्या कॉलेजचा बोनाफाईड, हे कागद आत्तापासून गोळा करायला लागा. निकालानंतर तहसीलला आणि सेतू केंद्रात काय गर्दी असते ते तुम्हाला माहितीये. अर्ज फक्त महाज्योतीच्या अधिकृत संकेतस्थळावर. व्हॉट्सॲपवर "मोफत टॅबलेट, लिंक दाबा, १९९ रुपये भरा" असं काही आलं तर ते सरळ डिलीट करा.

पण अर्ज करणं वेगळं आणि त्याच्या भरवशावर हात बांधून बसणं वेगळं. इथे एक जुनी गोष्ट सांगते, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती आठवणार नाही. जुलै २०१० मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या टॅबलेटचा नमुना दाखवला होता. केवढी चर्चा झाली! प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात टॅबलेट, तोही दीड हजारात. ५ ऑक्टोबर २०११ ला 'आकाश' आला. सात इंचाचा स्क्रीन, तोही असा की बोट दाबून धरावं लागायचं, आणि २५६ एमबी रॅम. एमबी म्हणतेय, जीबी नाही. तो फारच धीमा निघाला. मग ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणब मुखर्जींच्या हस्ते 'आकाश २' आला, तो बराच सुधारलेला होता. पण घराघरात काही तो पोचला नाही. आता तारखा जुळवून बघा. जुलै २०१० मध्ये ज्या पोराने नुकतीच अकरावी सुरू केली होती, त्याची बारावीची परीक्षा २०१२ च्या मार्चमध्येच होऊन गेली. सुधारलेला टॅबलेट त्यानंतर आठ महिन्यांनी आला.

महाज्योतीचं तसंच होईल असं मी म्हणत नाहीये, तिथून मुलांना टॅबलेट मिळालेत. पण जाहिरात कधी निघणार, निवड यादी कधी लागणार, वाटप कधी होणार, यातली एकही तारीख आपल्या हातात नाही. म्हणून माझं सरळ मत: अर्ज करा, आणि सोबत घरात एक तारीख ठरवा. मी १५ ऑगस्ट म्हणेन. तेव्हा सेलही असतो आणि अकरावीचे वर्ग चालू झालेले असतात. तोवर निवड यादीत नाव आलं तर थांबा. नाही आलं तर घेऊन टाका, आणि स्वस्तातला घ्या, म्हणजे पुढे सरकारी मिळाला तरी वाईट वाटणार नाही.

पात्रच नसाल तर १५ ऑगस्टपर्यंतही थांबायचं कारण नाही. पण आत्ता, परीक्षेच्या तोंडावर घेऊ नका. सुट्टीत त्यावर काय चालेल ते तुम्हीही जाणता आणि मीही. [हसत] निकाल लागू दे, सायन्स की कॉमर्स ते पक्कं होऊ दे. कॉमर्सला जाणार असेल तर कदाचित टॅबलेट लागणारच नाही.

तिसरं थांबणं पैशाचं, आणि इथे मी पप्पांच्या बाजूची आहे. चौदा हजारांचा टॅबलेट धरू. कांद्याला दहा किलोला १५० रुपये मिळाले, तर चौदा हजारांसाठी ९३३ किलो कांदा विकावा लागतो, म्हणजे पन्नास किलोच्या जवळजवळ १९ गोण्या. दहा किलोला २५० मिळाले तर ५६० किलो, ११ गोण्यांत काम होतं. आठ गोण्यांचा फरक आहे, पप्पा उगाच बोलत नाहीयेत. पण बराखीत कांदा घटतो, सडतो, कोंब येतात, हे पप्पांना माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. आणि भाव चढेलच असं कुठे लिहून ठेवलंय? ८ डिसेंबर २०२३ ला एका दिवसात निर्यातबंदी आली, तेव्हा ज्यांच्याकडे माल होता त्यांचं काय झालं ते मंचरच्या बाजारात कुणालाही विचारा. टोमॅटोवाल्यांनी तर २०२३ च्या जुलैत नारायणगावला २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वरचा भाव पाहिला आणि दोन महिन्यांत तो कोसळलेलाही पाहिला.

म्हणून टॅबलेट सगळ्या बराखीच्या भावाला बांधू नका. काढणीच्या वेळी जो माल बराखीत टिकणार नाही, डेंगळा, चिरलेला, लहान गोल्टी, तो तसाही लगेच विकावा लागतो. त्यातून काही रक्कम बाजूला पडते का बघा. ताई पुण्यात कमावते, तिने महिन्याला दीड-दोन हजार काढले तर मार्च ते जुलैमध्ये निम्मी-पाऊण रक्कम उभी राहते. हप्त्यावर घेणार असाल तर 'नो कॉस्ट ईएमआय'मध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आधी विचारून घ्या. खाजगी सावकारी ॲपवरून टॅबलेटसाठी कर्ज तर नकोच नको.

आता एक गोष्ट, जी या प्रश्नात कुणी विचारलीच नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. घरी फोन एक, पप्पांचा. भावाने वाय-फाय टॅबलेट घेतला. इंटरनेट कुठून? पप्पांच्या हॉटस्पॉटवरून. पप्पा पहाटे माल घेऊन मार्केटला गेले की फोन गेला आणि फोनबरोबर इंटरनेटही गेलं. टॅबलेट घरात नुसता पडून. म्हणजे ज्या अडचणीसाठी घेतला, ती तशीच राहिली. यावर दोन उपाय. एक, सिमवाला टॅबलेट, जो दोनेक हजारांनी महाग असतो आणि वर महिन्याचा रिचार्ज. दुसरा, रात्री पप्पा घरी असताना दुसऱ्या दिवशीचे व्हिडिओ आणि पीडीएफ उतरवून ठेवायचे. डिंभ्याच्या वर, डोंगराच्या आड, जिथे नेटवर्कच धड येत नाही, तिथे सिमवाल्याचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही. तिथे दुसराच उपाय चालतो, आणि त्यासाठी स्टोरेज १२८ जीबी हवं. ६४ मध्ये सिस्टीमनेच बरीच जागा खाल्लेली असते. मेमरी कार्ड बसतं का तेही बघा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, ती एकदा उतरवली की झालं.

मग तो फोनवरच का नाही अभ्यास करत? करतात की मुलं. पण आकडा बघा. ए-फोर आकाराचं पान, म्हणजे क्लासच्या नोट्स किंवा प्रश्नपत्रिका, ६.७ इंचाच्या फोनवर उभं उघडलं तर मूळ रुंदीच्या ३३ टक्के दिसतं. ८.७ इंचाच्या टॅबलेटवर ५४ टक्के, ११ इंचाच्या टॅबलेटवर ७० टक्के. ७० टक्क्यांना अक्षर न ओढता-ताणता वाचता येतं. त्यामुळे अभ्यासासाठी घेताय तर ११ इंच. लहान टॅबलेट घेऊन दोन-तीन हजार वाचतात, पण मग तो मोठा फोनच होतो.

आणि काही जणांनी टॅबलेट अजिबात घेऊ नये. भाऊ आत्ता बारावीत असता आणि पुढे इंजिनिअरिंगचं ठरलं असतं, तर मी सांगितलं असतं, थांब, ते पैसे लॅपटॉपमध्ये घाल. कोडिंग, ड्रॉइंगची सॉफ्टवेअर, रिपोर्ट, हे टॅबलेटवर होत नाही, आणि वर्षभरात दोनदा खर्च कुठल्या घराला परवडतो? जेईई आणि सीईटीची परीक्षा कॉम्प्युटरवर, माऊसने असते, तिचा सराव तालुक्याच्या एखाद्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तासावर पैसे देऊन करता येतो. नीट आजवर कागदावर होत आलीये, तिथे पेपर छापून सोडवणं केव्हाही बरं.

दुकानात गेलात की खोक्यावर '८ जीबी रॅम' लिहिलेलं असेल, तर खाली बारीक अक्षरात '४+४' आहे का बघा. दुसरे चार खरे नसतात, ते स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. अँड्रॉइडची आवृत्ती कुठली आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. स्वस्तात मिळणारं तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल इथेच मार खातं. चार्जर खोक्यात आहे का, किती वॅटचा, तेही बघा. टॅबलेटची बॅटरी मोठी, आणि चार्जर दहा वॅटचा असेल तर भरायला चार-पाच तास लागू शकतात. पावसाळ्यात लाईट दोन तास येऊन जात असेल तर हे महागात पडतं. कव्हर आणि काच धरून आणखी हजारभर रुपये आधीच वेगळे ठेवा.

ऑनलाइन पाचशे रुपये स्वस्त असेल आणि मंचर-नारायणगावच्या दुकानात पाचशे महाग, तर दुकानदाराला एकदा विचारा, बिघडला तर सर्व्हिस सेंटर कुठे, आणि तू नेऊन आणून देणार का. तो हो म्हणाला तर मी दुकानातून घेईन, पुण्याच्या एका फेरीत पाचशे तसेही जातात. बिल जीएसटीचं, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर घालून मागा, आणि खोकं दुकानातच उघडून नंबर जुळवून घ्या.